खाली बसवलेल्या जुन्या शेवरोलेट पिकअपचं स्टेअरिंग: चेसिसला कटर लावण्याआधी

तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९५२ ची शेवरोलेट ३१०० पिकअप तुमच्याकडे आहे. एकेकाळी तिच्यातून चादरींचे गठ्ठे जायचे. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका वर्कशॉपने पुढचे पाटे (कमानीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) कमी करून तिला पुढून तीन इंच खाली बसवलं, मागे हात लावला नाही. तेव्हापासून अक्कलकोट रोडला पन्नासच्या पुढे गेलं की स्टेअरिंग आपोआप डावी-उजवीकडे ओढतं, ब्रेकरवरून उतरताना हातात झटका बसतो, आणि तीनदा अलाइनमेंट करूनही फरक पडलेला नाही. आता कुणीतरी सुचवलंय की पुढची चेसिस कापा, सुमोचं सस्पेंशन आणि रॅक स्टेअरिंग (दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवते ते) बसवा, म्हणजे कायमचं काम होईल. सोलापुरातल्या संक्रांतीच्या गड्डा यात्रेआधी गाडी रस्त्यावर हवी, तर काय करावं?

चेसिस कापू नका. तुमची गाडी तीन इंच खाली आहे म्हणून बिघडलेली नाही. ते तीन इंच ज्या वाटेने मिळवले, ती वाट चुकली. उंची तेवढीच ठेवून हे दुरुस्त होतं, आणि तेही पाना-बोल्टच्या कामात.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे ही परदेशी जुनी गाडी आहे आणि तिचं काम सोलापुरात कुणाला येणार नाही. तिच्या पुढे सरळ लोखंडी आय-बीम ॲक्सल आहे. त्याच्या दोन टोकांना किंगपिन या उभ्या पिनवर फिरणारे, चाकं धरणारे नकल, वर पाट्यांची कमान, दोन नकलांना जोडणारा टायरॉड, आणि स्टेअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्म या दांड्यापासून एका नकलपर्यंत पुढेमागे हलणारी ड्रॅगलिंक. आता हैदराबाद रोडला उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या टाटा किंवा लेलँड ट्रकखाली वाकून बघा. हेच दिसेल, फक्त आकार मोठा. मी वयाच्या पंधराव्या वर्षी ट्रकच्या किंगपिनला ग्रीस मारत हे काम शिकलो आणि आज पस्तीस वर्षांनी जुन्या गाड्यांवर तीच विद्या वापरतो. तुमच्या गाडीचा पुढचा भाग समजून घ्यायला पुण्या-मुंबईचा मॉडिफायर लागत नाही, ट्रकचा चांगला मिस्त्री लागतो.

आता पाटे काढल्याने काय झालं ते पाहू. पाट्यांची संख्या कमी केली की कमान मऊ होते आणि गाडी खाली बसते. हा सर्वांत स्वस्त मार्ग, म्हणूनच तो सर्रास वापरला जातो. पण अशा गाडीत पाटा फक्त वजन पेलत नाही. ॲक्सलला पुढेमागे जागेवर धरणं, आणि ब्रेक मारल्यावर ॲक्सलला स्वतःभोवती फिरू न देणं, ही दोन्ही कामं त्याचीच. पाटे कमी झाले की ब्रेक लागताक्षणी ॲक्सलचा माथा पुढे झुकतो आणि उरलेला पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. माथा पुढे झुकला की किंगपिनचा कल, ज्याला कास्टर म्हणतात, कमी होतो, आणि गाडीला सरळ चालण्याची जी ओढ असते ती नेमकी ब्रेक लावताना हरवते. दुसरं म्हणजे ॲक्सल तीन इंच वर चढल्याने बंपस्टॉपपर्यंतची, म्हणजे ॲक्सलला अडवणाऱ्या रबरापर्यंतची, जागा खाल्ली गेली. मऊ कमान आणि कमी जागा हे दोन्ही एकत्र आले की ब्रेकरवर ॲक्सल थेट चेसिसवर आदळतो. तुम्हाला हातात बसणारा झटका काही अंशी तिथून येतो.

पण मुख्य दोष ड्रॅगलिंकचा आहे. हे नीट समजून घ्या, कारण तीन वेळा अलाइनमेंट करूनही काही झालं नाही त्याचं कारण इथे आहे. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी स्थिर उभी असते. तुमचा दोष गाडी वरखाली झाल्यावर जागा होतो.

ड्रॅगलिंकचं एक टोक पिटमन आर्मच्या गोळ्यावर, म्हणजे चेसिसला धरून. दुसरं टोक नकलच्या आर्मवर, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणारं. चाक वर गेलं की ते टोक सरळ उभं वर जात नाही, पिटमनच्या गोळ्याभोवती गोलाईने जातं. लिंक आडवी असेल तर त्या गोलाईचा सुरुवातीचा भाग जवळजवळ उभा असतो, म्हणून चाकाला फारसा धक्का लागत नाही. लिंक आधीच तिरपी असेल तर तीच हालचाल चाकाला ओढते किंवा ढकलते. तुम्ही हँडल घट्ट धरलंय, पिटमन हलत नाही, तरी चाक वळतं. यालाच बंपस्टेअर म्हणतात.

आकडा मांडून बघू. समजा ड्रॅगलिंक ६०० मिमी लांब आहे. लिंक आडवी असताना चाक ५० मिमी वर गेलं तर आडव्या दिशेने फरक पडतो जेमतेम २ मिमी. आता तुमच्यासारखी गाडी तीन इंच खाली, म्हणजे पुढचं टोक आधीच ७५ मिमी वर चढलेलं. तिथून आणखी ५० मिमी वर गेलं की फरक पडतो साधारण साडेआठ मिमी. चौपट. नकलचा आर्म १५० मिमीचा धरला तर पहिल्या वेळी चाक एक अंशही वळत नाही, दुसऱ्या वेळी सव्वातीन अंश वळतं. पन्नासच्या वेगात, तुम्ही हँडल न हलवता, चाक सव्वातीन अंश. त्यात अक्कलकोट रोडसारखे आपल्याकडचे रस्ते काळ्या मातीवरचे. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि डांबर गुळगुळीत दिसलं तरी त्याला लांब लांब लाटा पडतात. प्रत्येक लाटेला गाडी वरखाली होते आणि प्रत्येक वेळी स्टेअरिंग ओढतं. तुमचं वर्णन वाचताच मला हेच दिसलं.

या हिशेबात एक गोष्ट अजून धरलेली नाही. ॲक्सलसुद्धा सरळ वर जात नाही. कमान दबून सपाट होते तशी लांब होते आणि ॲक्सल शॅकलच्या, म्हणजे पाट्याच्या हलत्या टोकाच्या कडीच्या, दिशेने किंचित सरकतो. पाट्याचं जे टोक पिनने पक्कं बसवलंय ते ड्रॅगलिंकच्या पिटमनकडच्या बाजूलाच असेल तर ॲक्सलची गोलाई आणि लिंकची गोलाई बरीचशी जुळते आणि दोष कमी होतो. पक्कं टोक उलट्या बाजूला असेल तर दोन्ही गोलाया एकमेकांविरुद्ध पळतात. म्हणून गाडीखाली वाकून पहिल्यांदा हे पाहा: शॅकल कुठल्या टोकाला आहे, आणि स्टेअरिंग बॉक्स ॲक्सलच्या पुढे आहे की मागे.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका, मोजा. गाडी चेसिसखाली घोड्या लावून पक्की उभी करा, चाकं काढा. दोन्ही बाजूंच्या कमानीतून मुख्य पाटा सोडून बाकीचे काढून ठेवा, म्हणजे जॅकने ॲक्सल सहज वरखाली होईल. शॉकअप सोडवा. स्टेअरिंग सरळ करून दोरीने बांधा, हलता कामा नये. ड्रमवर लेझरची छोटी टॉर्च टेपने घट्ट चिकटवा, उजेड बाजूच्या भिंतीवर पडेल अशी, आणि ब्रेक दाबून ड्रम फिरणार नाही हे पाहा. भिंत तीन मीटर अंतरावर असू द्या आणि तिच्यावर कागद लावा. आता ॲक्सल गाडीच्या चालत्या उंचीवर आणा, ठिपक्यावर खूण करा. मग दोन्ही बाजू सारख्या उचलत एकेक सेंटिमीटर वर जा, प्रत्येक वेळी खूण करा. पाच सेंटिमीटरपर्यंत वर, पाच खाली. खुणा एकाखाली एक उभ्या ओळीत आल्या तर स्टेअरिंग निर्दोष. आडव्या पसरल्या तर जेवढ्या पसरल्या तेवढा दोष. वरच्या आकड्यांप्रमाणे तुमच्या गाडीत ठिपका जवळपास सतरा सेंटिमीटर बाजूला जाऊ शकतो. लिंक आडवी झाल्यावर तो चार-पाच सेंटिमीटरच्या आत येईल, आणि गोलाया जुळल्या तर त्याहून कमी. हा कागद सांभाळून ठेवा. काम झाल्यावर दुसरा कागद लावून दोन्ही शेजारी ठेवले की कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

आता काम. मूळ संख्येइतके पाटे परत घाला, शक्यतो चांगल्या कमानवाल्याकडून नवीन बनवून. तीन इंच हवेत ना? मग ते ॲक्सलकडून घ्या. ड्रॉप ॲक्सल म्हणजे मधला भाग तसाच, पण दोन्ही टोकं वर उचललेली, म्हणजे चाकाचा मध्य वर जातो आणि गाडी खाली येते. यात पाटा आणि चेसिस यांच्यातलं अंतर जसं होतं तसंच राहतं. बंपस्टॉपची जागा शाबूत, कमान ताठ, गाडी खाली. १९४७ ते १९५४ या काळातल्या ३१०० साठी असे ॲक्सल अमेरिकेत तयार मिळतात, कारण तिकडे या गाडीचा नाद फार मोठा आहे. मागवायला वेळ आणि पैसा लागतो, हे खरं. मध्यम मार्ग म्हणजे मुख्य पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाला वळवलेलं भोक, उलटा वळवून घेणं. त्याने साधारण दीड इंच मिळतो, पाट्यांची संख्या तीच राहते. बरेच मालक दीड इंचावर समाधान मानतात, आणि मला विचाराल तर सोलापूरच्या रस्त्यांना तेवढं पुष्कळ आहे.

एक मात्र कुणाकडूनही करून घेऊ नका: मूळ ॲक्सल भट्टीत लाल करून वाकवणं. तो ॲक्सल घडीव पोलादाचा, कारखान्यात उष्णता देऊन कडक केलेला असतो. भट्टीतून निघाल्यावर त्याची आतली अवस्था काय झाली हे डोळ्यांनी कळत नाही. तसंच, पाटा ॲक्सलच्या वर असल्यामुळे मध्ये ठोकळा घातला की गाडी उलट वर उचलली जाते. हे सांगावं लागतंय, कारण पुढे ठोकळे घालून खाली करून देतो असं म्हणणारे मला भेटले आहेत.

ॲक्सल टोकाने उचला किंवा पाट्याने बसवा, ड्रॅगलिंकचं पुढचं टोक दोन्ही प्रकारांत वर जातं. म्हणून ते टोक परत खाली आणणं हे काम टळत नाही, आणि ज्यांनी ते टाळलं त्यांच्याच गाड्या माझ्याकडे येतात. उत्तम उपाय म्हणजे नकलवर खाली उतरलेला स्टेअरिंग आर्म बसवणं. ड्रॉप ॲक्सलसोबत टायरॉडचे आर्मही तसेच उतरलेले लागतात, नाहीतर टायरॉड वर जाऊन पाट्याला घासतो. आर्म घडीवच घ्या. कापून जोडलेला, वेल्डिंग केलेला आर्म माझ्या गॅरेजमध्ये मी लावत नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

आर्मने पूर्ण तीन इंच मिळत नसतील तर उरलेलं पिटमनकडून घेता येतं. पिटमन थोडा आखूड केला की त्याचा गोळा वर येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते: स्टेअरिंग हलकं होतं, पण हँडल जास्त फिरवावं लागतं आणि गाडी वळायला जास्त जागा घेते. सात रस्त्याच्या गर्दीत हा फरक जाणवतो. दुसरी युक्ती म्हणजे बॉल जॉइंट आर्मच्या वरून न घालता खालून घालणं, त्यात चाळीसएक मिलिमीटर मिळतात. पण आर्मच्या भोकाला टेपर, म्हणजे निमुळता उतार, असतो, तो एकाच दिशेने. जॉइंट उलटा घातला तर तो बसल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात काठावर टेकलेला असतो. लेथवाल्याकडून टेपरचा बुश घालून खालून योग्य रीमर मारून घ्यायचा, निळी शाई लावून पूर्ण टेकतोय का ते पाहायचं. कॉटर पिन प्रत्येक ठिकाणी.

काही तरुण मंडळी रेसच्या गाड्यांचे उघडे रॉड-एंड लावतात. आपल्याकडची धूळ ते एका उन्हाळ्यात खाऊन टाकते. रबरी बूट असलेला बंद बॉल जॉइंटच घ्या.

क्रोमबद्दल तळमळीने सांगतो, कारण शोच्या गाड्यांमध्ये हा मोह सर्वांना होतो. स्टेअरिंगचे आर्म, पिटमन, यू बोल्ट यांना क्रोम करू नका. प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि धातू ठिसूळ होतो. तो आधी वाकून इशारा देत नाही, एक दिवस काचेसारखा तुटतो. काळा रंग द्या, ग्रिलला हवं तेवढं क्रोम करा.

लिंक आडवी झाल्यावर कास्टर. गाडी पुढून तीन इंच खाली आणि मागून जशीच्या तशी, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच, म्हणजे पूर्ण चेसिस दीड अंश पुढे झुकली. तेवढाच कास्टर गेला, ब्रेक न लावताही. परत मिळवायला पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पोलादी पट्टी घालायची, जाड बाजू मागे. त्याने किंगपिनचा माथा मागे झुकतो. रेडियल टायर असतील तर अशा ॲक्सलला मी चार ते सहा अंश ठेवतो. पाचर लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची नको, ती चेपते आणि यू बोल्ट सैल पडतात. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसलंय हे हाताने चाचपून पाहा, कारण पाचर घातल्यावर ते अर्धवट राहतं आणि मग ॲक्सल हळूहळू सरकतो. यू बोल्ट नवीनच. टो-इन, म्हणजे चाकं पुढून किंचित आत वळलेली ठेवणं, सर्वांत शेवटी, रेडियलला दीड मिलिमीटर पुरे. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, या ॲक्सलमध्ये ठरलेला असतो, त्याच्या नादी लागू नका.

पण हे सगळं झिजलेल्या किंगपिनवर केलं तर वाया गेलं. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून हीच चूक झाली होती. एका जीपचा कास्टर वाढवून दिला, स्टेअरिंग छान सरळ झालं, आणि दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला एका खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी थरथरायला लागली की मालकाला गाडी जागेवर उभी करावी लागली. किंगपिनचा खेळ मी तपासला होता, पण हाताने नुसतं चाक हलवून. तेव्हापासून मी एका माणसाला ब्रेक दाबून बसवतो. चाक उचलून वरून-खालून धरायचं आणि हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा. अशी थरथर बंद करायला स्टेअरिंग डॅम्पर लावतात. तो थरथर झाकतो, झिजलेला बुश मात्र झिजतच राहतो. नकलमध्ये नवीन पितळी बुश घातले की वरचा आणि खालचा एकाच लांब रीमरने एका रेषेत मारले पाहिजेत. वेगवेगळे मारले तर पिन बसते पण नकल जड फिरतो, आणि जड नकल असेल तर वळणानंतर हँडल स्वतः परत येत नाही. हे काम ट्रकवाल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, त्याच्या हाताला ते रोजचं आहे.

स्टेअरिंग बॉक्सबद्दल दोन गोष्टी. पहिली: बॉक्सचा खेळ कमी करणारा स्क्रू फक्त बरोबर मध्यावर असताना फिरवायचा. आतली गिअरं मध्यावर सर्वांत घट्ट असतात, बाजूला सैल. बाजूला असताना घट्ट केलं तर मध्यावर येऊन अडकतं. दुसरी, जी जवळपास सगळे विसरतात: गाडी खाली केली की तिरपी ड्रॅगलिंक चाक ओढून धरते, हँडल वाकडं दिसतं, आणि मिस्त्री हँडल काढून दातांवर फिरवून सरळ बसवतो. दिसायला सरळ, पण बॉक्स आता मध्यापासून दूर चालतोय, म्हणजे त्याच्या सैल भागात. मग रस्त्यावर कायम खेळ जाणवतो. तुमच्या गाडीत हे झालंय का पाहा. ड्रॅगलिंक सुटी करा, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजत फिरवा, अर्ध्यावर आणा, तिथे चाकं सरळ असताना लिंक बसेल एवढी तिची लांबी ठेवा. मूळ स्प्रिंगवाली ड्रॅगलिंक असेल तर तिच्या टोकाचा प्लग पूर्ण आवळून मग कॉटर पिनचं भोक जुळेपर्यंतच मागे घ्यायचा, जास्त सैल ठेवायचा नाही.

आता रॅक स्टेअरिंगचा सल्ला. रॅक चेसिसला बसवला आणि ॲक्सल सरळच ठेवला तर वर सांगितलेला दोष दोन्ही चाकांना होईल. रॅकला स्वतंत्र सस्पेंशन लागतं. अमेरिकेत त्यासाठी १९७४ ते १९७८ च्या फोर्ड ‘मस्टँग टू’ या मोटारीच्या पुढच्या भागावर बेतलेले तयार सांगाडे या गाड्यांना लावतात, आणि नीट लावले तर गाडी सुंदर चालते. शेवरोलेटनेही १९६० मध्ये आपल्या पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेंशन दिलं, म्हणजे सरळ ॲक्सल हा काही शेवटचा शब्द नाही. पण तो सांगाडा बसवायला मूळ चेसिसचा पुढचा भाग कापावा आणि वेल्ड करावा लागतो. सुमोच्या भागाचंही तेच, शिवाय चाकांमधली रुंदी मडगार्डशी जुळत नाही ती वेगळी डोकेदुखी.

आणि इथे कायदा येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. तुमच्यासाठी दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात नंबरात व्हीए अक्षरं मिळतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. ज्या काळात जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती, १९२८ ते १९५४, त्या काळातली तुमची गाडी आहे. एकदा कटर लागला की ती संधी कायमची गेली. ड्रॉप ॲक्सल, उलटा डोळा, बोल्टवाले आर्म हे सगळं एका आठवड्यात काढून गाडी मूळ रूपात आणता येते, म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा. आरसीवर गाडी मालवाहू म्हणून आहे की खासगी, हे आधी बघा आणि ॲक्सल बदलण्यापूर्वी एमएच-१३ च्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारा.

बॉक्स आडवा बसवून ड्रॅगलिंक चेसिसच्या आडवी घेण्याचाही एक मार्ग आहे. त्यात शॅकलमुळे ॲक्सल बाजूला हलतो आणि लिंक चाक वळवते, म्हणून तिच्याइतकाच लांब आणि तिला समांतर असा पॅनहार्ड रॉड, म्हणजे ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा, लावावा लागतो. तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.

छोट्या गाड्यांचा इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा कॉलम हल्ली पुष्कळजण जुन्या गाडीला बसवतात. तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. भूमिती चुकलेली असताना मोटर लावली तर रस्त्याची ओढ हातापर्यंत येत नाही आणि दोष कळेनासा होतो. आधी हे काम, मग सहा महिने चालवा. जड वाटलंच तर पाहा. आणि कॉलम कधीच मध्ये कापून टोकाला टोक लावून वेल्ड करू नका. दात्यांचा किंवा डी आकाराचा कपलर, बोल्टने.

रुंद रिम घातले असतील तर त्यांचं बाहेर आलेलं माप तपासा. चाक किंगपिनपासून जितकं बाहेर जाईल तितका प्रत्येक खड्डा हँडल ओढतो आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग दगडासारखं होतं. मूळ गाडीला ६.०० च्या १६ इंची अरुंद टायरचा हिशेब होता. शॉकअप लांबीने छोटे घ्या, चालत्या उंचीला वरची निम्मी हालचाल शिल्लक राहील असे. ब्रेकचे पाइप दोन्ही टोकांच्या वळणाला ताणले जात नाहीत ना ते पाहा.

उंची पक्की करताना जमिनीकडेही बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून तुमची गाडी अडखळणार नाही. पण आपल्या वसाहतींमध्ये लोकांनी हौसेने घातलेले अरुंद, टोकदार ब्रेकर वेगळे, आणि ॲक्सलच्या मागे खाली लोंबणारा टायरॉड तिथेच मार खातो. माझा नियम असा: टायरची हवा पूर्ण गेली आणि गाडी रिमवर बसली तरी स्टेअरिंगचा कुठलाही भाग जमिनीला लागता कामा नये. एका रिमच्या खालच्या काठापासून दुसऱ्या बाजूच्या टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या जागेपर्यंत दोरी ताणा, दोन्ही बाजूंनी. त्या दोरीखाली काहीही उतरलं असेल तर उंची वाढवा.

गड्ड्याला वेळ आहे तोवर आजच पाट्यांची ऑर्डर द्या, कमानवाल्याला वेळ लागतो. दरम्यान किंगपिन आणि बुश करून घ्या. मग भिंतीवरची मोजणी, मग आर्म आणि लिंक, परत मोजणी, मग पाचर, शेवटी टो-इन. पहिल्यांदा गाडी पहाटे बाहेर काढा, रस्ता मोकळा असताना. आधी तीसने, हँडलवर हात सैल ठेवून, मग चाळीसने, आणि त्याच अक्कलकोट रोडच्या त्याच लाटांवर. शंभर किलोमीटर झाले की घरी येऊन यू बोल्ट पुन्हा आवळा, ते नक्की थोडे बसलेले असतील.